आपण इथे आधी आलो होतो का? ऑनलाइन भूमिका-खेळातली नकाशाची वही



शनिवारी संध्याकाळी हेडफोन लावून बसलेल्या मुलाच्या तोंडून तुम्ही असं काही ऐकलं असेल: "अरे थांब, या जिन्यानं आपण मागच्या वेळी खाली गेलो होतो ना? की तो दुसरा जिना?" पलीकडून चार आवाज एकदम येतात. कुणी म्हणतं गेलो होतो, कुणी म्हणतं छे, तो जिना वेगळा. दहा मिनिटं वाद चालतो. शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणतं, "जाऊ दे, दादा, तूच सांग."

आजचा लेख त्या दहा मिनिटांबद्दल आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण सूत्रधार असतो. मुलं त्याला गेम मास्टर किंवा नुसतं जीएम म्हणतात. तो एका काल्पनिक जगाचं वर्णन करतो: समोर ओलसर भुयार आहे, डावीकडे लोखंडी दार आहे. बाकीची मुलं एकेक पात्र घेतात आणि "मी दाराला कान लावून ऐकतो" असं बोलून खेळतात. जमेल की नाही याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. या प्रकारातला पहिला प्रसिद्ध झालेला खेळ म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. तेव्हा सगळे टेबलाभोवती बसत. आता पुण्यातला मुलगा, ठाण्यातली मामेबहीण आणि न्यू जर्सीत राहायला गेलेला जुना वर्गमित्र डिस्कॉर्डवर बोलतात आणि रोल ट्वेंटी किंवा फाउंड्रीसारख्या पटावर, ब्राउझरमध्येच, सोंगट्या हलवतात.

विसरतं कोण?

पात्र विसरत नाही, खेळाडू विसरतो. कथेतल्या पात्रांनी ते लोखंडी दार पाहिलं 'काल'. मुलांसाठी मात्र मधे तीन आठवडे गेलेले असतात. एका शनिवारी चाचणी परीक्षा, एकदा घरी पाहुणे, एकदा सूत्रधाराकडे वीजच नाही. ज्या भुयारातून आपलं पात्र काल चालत आलं त्याची वाट त्या पात्राला पाठ असायला हवी. पण मुलाला आठवतो तो फक्त मोठा कोळी आणि त्यावर आलेला वीसचा फासा.

टेबलावर खेळताना नकाशाचा कागद सगळ्यांच्या मधोमध पडलेला असायचा. बोट ठेवून "इथे" म्हणता यायचं. ऑनलाइन खेळात पट टॅबसोबत बंद होतो. प्रत्येकाच्या स्क्रीनवर नकाशाचा वेगळा तुकडा मोठा केलेला असतो. टिपणं कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या रफ वहीत.

यात कोण मागे पडतं ते बघा. ज्याची स्मरणशक्ती तल्लख तो मुलगा आपोआप वाटाड्या होतो, निर्णयही त्याचेच. मागच्या वेळी जो आजारी होता तो गप्प बसतो, कारण कशाबद्दल बोलणं चाललंय हेच त्याला कळत नाही. असे दोन शनिवार गेले की तो "मला अभ्यास आहे" म्हणायला लागतो. गट फुटतो तो बहुतेक वेळा भांडणानं फुटत नाही, असाच एकेक जण गळत जातो. म्हणून पाहिलेल्या जागांची नोंद हे कारकुनी काम समजू नका. सगळ्यांना खेळात धरून ठेवणारी दोरी तीच आहे.

जुना मार्ग: बोललेलं ऐकून काढलेला नकाशा

सुरुवातीच्या खेळात यासाठी एक खेळाडू नेमलेलाच असायचा. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकात नकाशा काढणाऱ्याची भूमिका स्वतंत्र सांगितली आहे. तिथे पात्रांचा वेगही मुद्दाम कमी ठेवलाय. भुयारात खेळातल्या दहा मिनिटांत १२० फूट, कारण ती माणसं अंधारात चाचपडत, मोजत, नकाशा काढत चालली आहेत असं धरलेलं आहे.

सूत्रधार स्वतःचा नकाशा दाखवत नसे, फक्त बोलत असे. "खोली पूर्व-पश्चिम ३० फूट, उत्तर-दक्षिण २० फूट. तुम्ही पश्चिमेच्या दारातून आलात. उत्तरेच्या भिंतीत मध्यावर एक दार आहे." नकाशावाला एक चौकट म्हणजे १० फूट धरून तीन बाय दोन चौकटींची खोली काढायचा. आपल्याकडे यासाठी वेगळं काही आणायला नको, गणिताची चौकटीची वही पुरते.

भूगोल शिकवणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल की शीर्षक, दिशा, सूची, प्रमाण हे नकाशाचे चारही घटक इथे गरजेतून येतात. आणि 'डावीकडे-उजवीकडे' हे शब्द किती फसवे आहेत तेही मुलांना पहिल्याच तासात कळतं. खोलीत दुसऱ्या दारानं शिरलं की डावं उजवं होतं, उत्तर मात्र उत्तरच राहते. सूत्रधार मोठा दादा असो की तुम्ही स्वतः, वर्णनाचा क्रम ठरवून घ्या: आधी आकार, मग वाटा, मग वस्तू. क्रम बदलला की नकाशावाला हमखास गोंधळतो.

हातानं काढलेल्या नकाशाची एक गंमत मला फार आवडते. चार-पाच खोल्या काढून झाल्या की मधे एक रिकामा चौकोन उरतो. चहूबाजूंनी खोल्या आणि मधेच काही नाही? मुलं लगेच भिंती ठोकून बघायला लागतात. तिथे गुप्त खोली असतेच असं नाही, पण हा तर्क त्यांचा स्वतःचा असतो.

संगणकाचं धुकं

ऑनलाइन पटावर हे काम धुकं करतं. सूत्रधार अख्खा नकाशा चढवतो आणि त्यावर काळा पडदा टाकतो. मुलं पुढे जातील तसा तो चौकोन किंवा बहुभुज ओढून तेवढा भाग उघडा करतो. थोडी आणखी तयारी केली तर भिंती आणि दिवे आखून देता येतात, मग सोंगटीला जेवढं दिसेल तेवढंच आपोआप उजळतं आणि ती पुढे गेल्यावर मागचा भाग पुसट होऊन राहतो. न पाहिलेलं काळं, पाहून मागे टाकलेलं पुसट आणि आत्ता दिसणारं उजळ, ही तीन पायऱ्यांची पद्धत संगणकावरच्या युद्धखेळांतून आली. १९९५ च्या 'वॉरक्राफ्ट २' मध्ये ज्यांनी ती पाहिली ते आता पालक झालेत.

सोय मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. लहान मुलांच्या गटाला मी धुक्यानंच सुरुवात करायला सांगेन. पण धुकं फक्त डोळ्यांचा हिशेब ठेवतं. खोली पुसट दिसते म्हणजे सोंगटी तिथून गेली, इतकंच. कोपऱ्यातली पेटी उघडली का? भिंतीवरची अक्षरं कुणी वाचली का? उत्तरेचं दार बंद होतं म्हणून सोडलं, की उघडून आत काहीच नव्हतं? याचं उत्तर पडद्यात नाही.

शिवाय दोन अडचणी आहेत. फाउंड्रीत हे पुसट क्षेत्र प्रत्येक खेळाडूचं वेगळं साठवलं जातं, त्यामुळे गैरहजर मुलगा परत येतो तेव्हा त्याच्या स्क्रीनवर सगळं काळंच असतं. आणि काळा पडदा कुठे संपतो ते दिसत असल्यामुळे जागा केवढी आहे हे मुलांना आधीच कळतं. "अजून उजवीकडे बरंच काळं आहे, तिकडेच काहीतरी असणार." हाही तर्कच, पण तो जागेबद्दल नाही, चित्राच्या कागदाबद्दल आहे. रिकामा चौकोन शोधणाऱ्या मुलांच्या तर्काइतका मोलाचा तो मला वाटत नाही.

म्हणून माझं मत असं: धुकं सूत्रधारानं सांभाळावं, पण वही मुलांचीच असावी. पट सुंदर असला तरीही.

वहीत काय लिहायचं?

मुलांना "नोट्स काढा" म्हटलं की ती एकतर सगळं लिहितात किंवा काहीच नाही. दर जागेला पाच ओळी ठरवून द्या. नमुना म्हणून ही एक नोंद बघा:

*गळक्या छताची खोली*
*कसे आलो: मोठ्या जिन्यानं खाली, मग पूर्वेचा बोळ.*
*काय दिसलं: छतातून पाणी, दगडी पेटी, भिंतीवर पुसट अक्षरं.*
*काय राहिलं: पेटी उघडली नाही. उत्तरेचं दार बंद, किल्ली नाही.*
*शेवटची भेट: तिसरा शनिवार.*

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ 'काय राहिलं' ही आहे. पुढच्या वेळी खेळ तिथूनच सुरू होतो. नकाशावर याची खूण सोपी ठेवा: न वापरलेल्या प्रत्येक वाटेपाशी छोटा रिकामा गोल काढायचा आणि त्या वाटेनं जाऊन आलं की तो भरायचा. मग खेळ सुरू होताना कुणी काही आठवत बसायला नको, रिकामे गोल मोजायचे आणि कुठे जायचं ते ठरवायचं.

नावं मुलांना ठेवू द्या. सूत्रधाराच्या पुस्तकात ती 'खोली क्रमांक १४' असेल, असू दे. १४ हा आकडा आठवड्याभरात विरून जातो, 'गळक्या छताची खोली' जात नाही. नाव ठेवण्यावरून दोन मिनिटं हशा पिकला तर वेळ वाया गेला असं समजू नका.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. अक्षर चांगलं म्हणून दर वेळी त्याच मुलीच्या गळ्यात वही घालू नका. लिहिणारा खेळात अर्धाच असतो. दर शनिवारी वही फिरली पाहिजे, आणि ज्याच्याकडे वही आहे त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबलं पाहिजे. ज्या मुलाला लिहायला जड जातं तो नकाशा काढेल किंवा नोंद तोंडी सांगेल आणि दुसरं कुणी टाइप करेल.

भुयाराबाहेर आल्यावर

खोल्यांसाठी चौकटी ठीक. पण पात्रं जंगलात, बेटावर, डोंगरात गेली की १० फुटांच्या चौकटी कामाच्या नाहीत. तिथे षटकोन वापरतात. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे डेव्हिड कुक आणि टॉम मोल्डवे यांचं १९८१ चं साहस 'द आयल ऑफ ड्रेड'. त्यात सूत्रधाराकडे बेटाचा पूर्ण नकाशा असतो. खेळाडूंना मिळतो तो किनाऱ्याच्या रेघेचा, आतले षटकोन जवळजवळ रिकामे. एक षटकोन सहा मैलांचा. बेट जसं पायाखालून जाईल तसं मुलांनी ते षटकोन भरायचे: इथे दलदल, इथे गाव, इथून धूर दिसला. 'अजून काय बघायचं बाकी आहे' हे त्या कागदाकडे नुसतं बघून कळतं. नोंदवहीची सगळी युक्ती त्या एका कागदात आहे.

षटकोनांचा कागद मिळाला नाही तर अडू नका. चौकटीच्या कागदावर एक ओळ सोडून एक ओळ अर्धी चौकट सरकवून काढा, विटांची भिंत रचतात तशी. आता प्रत्येक विटेला सहा शेजारी आहेत: दोन बाजूंना, दोन वर, दोन खाली. षटकोनालाही सहाच. मुलांना आधी मोजायला लावा, मग सांगा. ऑनलाइन गटासाठी गूगल शीटमध्येही हे जमतं: दोन-दोन रकाने एकत्र जोडून एक वीट करायची, दर दुसऱ्या ओळीत जोडणी एका रकान्यानं पुढे सरकवायची. मग प्रत्येक विटेला रंग द्यायचा आणि त्यावर टिप्पणी लिहायची. रंग तीनच ठेवा: ऐकलेलं, लांबून पाहिलेलं, पायाखालून गेलेलं. गावकऱ्यानं सांगितलं की डोंगरापलीकडे तलाव आहे, तर ते 'ऐकलेलं'. मुलं हा फरक विसरतात आणि ऐकीव तलावावर पाणी भरायला जातात. एकदा तसे तहानलेले राहिले की रंगांचं महत्त्व त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा प्रकार गोल आणि रेघांचा. काही गट पट वापरतच नाहीत, सगळं बोलण्यातच चालतं. तिथे अंतर आणि आकार मोजत बसण्यात अर्थ नाही. जागा म्हणजे गोल, वाट म्हणजे रेघ. हॅरी बेक यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३ साली छापला गेलेला नकाशा असाच केला होता: खरी अंतरं सोडून दिली, कुठून कुठे जाता येतं तेवढं ठेवलं. शहरातल्या गल्लीबोळांच्या साहसाला हाच नकाशा शोभतो. रेघेवर बाण काढायला विसरू नका, कारण घसरगुंडीनं खाली जाता येतं, वर येता येत नाही.

अगदीच चकव्यात सापडलात तर जुनी युक्ती आहे. केंटकीतली मॅमथ केव्ह प्रत्यक्ष फिरलेल्या आणि मोजलेल्या विल क्राउदर यांनी १९७० च्या दशकात 'अ‍ॅडव्हेंचर' हा फक्त शब्दांचा संगणकखेळ लिहिला, पुढे डॉन वुड्स यांनी तो वाढवला. त्यात सारख्याच वर्णनाच्या खोल्यांचा एक चक्रव्यूह आहे. उत्तरेला जाऊन दक्षिणेला परतलं तर आधीच्याच खोलीत याल याची खात्री नाही. खेळाडू काय करायचे? प्रत्येक खोलीत पिशवीतली एकेक वस्तू टाकून यायचे. ज्या खोलीत आपली वस्तू पडलेली दिसली तिथे आपण येऊन गेलोय. तुमच्या गटातल्या मुलांना हे आधी सांगू नका. एखादीला स्वतःहून सुचतं.

गट मोठा असेल तर

क्रीडाशिबिरात किंवा शाळेच्या छंदवर्गात दहा-बारा मुलं असतात आणि दर वेळी वेगळी पाच येतात. अशा वेळी बेन रॉबिन्स या खेळरचनाकारानं केलेला 'वेस्ट मार्चेस' हा प्रयोग उपयोगी पडतो. २००७ मध्ये त्यांनी त्याबद्दल सविस्तर लिहिलं. त्यांच्या खेळात ठरलेला गट नव्हता, ठरलेली वेळही नव्हती. जे जमतील ते मोहिमेवर जात आणि परतल्यावर बाकीच्यांसाठी वृत्तांत लिहीत. सगळ्यांचा मिळून एकच नकाशा होता, कथेत तो खानावळीतल्या टेबलावर कोरलेला आहे असं मानलेलं. त्यात चुकाही असत, आणि त्या चुका पुढच्या गटाला भोवत.

इथेच सूत्रधारानं एक रेघ आखावी लागते. मुलांच्या नकाशात चूक दिसली तर दुरुस्त करायची का? माझा नियम असा: पात्रानं डोळ्यांनी पाहिलेलं असेल आणि मुलानं विचारलं, तर सांगून टाका. दार उत्तरेला होतं की पूर्वेला, यात गुपित काही नाही. पण पाहिलेल्याचा अर्थ सांगू नका. दोन खोल्यांमधली भिंत नको इतकी जाड आहे हे त्यांच्या नकाशात दिसत असेल, तर ते त्यांना दिसेपर्यंत थांबा. आणि सूत्रधारानंच चुकीचं वर्णन केलं असेल तर लगेच सांगून टाकावं, कथेच्या नावाखाली लपवू नये.

शेवटची पाच मिनिटं वहीसाठी राखून ठेवा. घड्याळ लावूनच. मोहीम रंगात असताना थांबवणं जिवावर येतं, पण "नंतर लिहू" म्हटलेलं लिहून होत नाही. पुढच्या शनिवारी सुरुवात सूत्रधारानं गोष्ट सांगून करू नये. मागच्या वेळी जो गैरहजर होता त्याला वही वाचायला द्यावी. त्याला जिथे कळत नाही तिथे नोंद अपुरी आहे, आणि ती कुणी लिहिली यावरून चिडवाचिडवी न करता तिथल्या तिथे पुरी करावी. त्या दिवशी पहिला आवाज त्याचाच ऐकू येतो.

पालकांसाठी दोन गोष्टी. डिस्कॉर्डला वयाची अट १३ वर्षांची आहे, त्याहून लहान मुलांचा खेळ तुमच्या खात्यावरून आणि तुमच्या समोरच चालू द्या. सामाईक फाइल उघडून तिची परवानगी तपासा. 'लिंक असलेल्या कुणालाही' असं ठेवलेलं असतं आणि मुलं त्यात खरं नाव, शाळा, क्लासची वेळ असं काहीही लिहून ठेवतात. वहीत फक्त पात्रांची नावं असू द्या.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. काही पटांवर धुकं पुन्हा पहिल्यासारखं काळं करण्याचं बटण असतं. नकाशात भिंत किंवा दार बदललं की सूत्रधाराला ते दाबावं लागतं, आणि मुलांनी उजळलेलं सगळं एका क्षणात जातं. ते दाबण्याआधी पटाचा स्क्रीनशॉट घ्या आणि वहीच्या फाइलमध्ये त्या दिवसाच्या तारखेखाली चिकटवा.